न झालेल्या लग्नाचा दावा

आमच्या दिव्याचं लग्न झालंच नव्हतं. एवढं एक वाक्य सिद्ध करायले आमाले दोन वर्षांच्या वर कोर्टाच्या चकरा माराव्या लागल्या. लग्न झालं म्हणा, कोणी काई इचारत नाई, बुंदी खाते अन् घरी जाते. लग्न नाई झालं, असं म्हणून पाहा एकदा! मंग वकील आणा, साक्षीदार आणा, पुरावा आणा, तारखेले या, तारीख पुढं गेली म्हणून परत जा. माझं तं डोकंच फिरून गेलं होतं बाप्पा.

मी नीलाबाई. चामोर्शीहून जंगलाच्या अंगानं निघालं की आत जांभूळटोला लागते, तिथी माझी अंगणवाडी आहे. आमी बौद्ध. गावात आमची थोडीच घरं, बाकी सारं गाव गोंडायचं. दिव्या कोडापे माझी मदतनीस. बारावी शिकलेली, अंगानं काडी, पण कामाले लागली की मलेच म्हणते, "बाई, तुमी बसा. तुमी मधात मधात येता." पोट्टे माझं ऐकत नाई, तिचं ऐकतात. मी मराठीतून ओरडते तं खिदळतात, अन् तिनं गोंडीतून एक शब्द टाकला की सारे ताटासमोर मांडी घालून बसतात. वजनकाट्याले भेणारं लेकरू तिच्या कडेवरून कधी काट्यात गेलं ते त्याले समजत बी नाई. हसरी पोट्टी. पण जिद्दी अशी की इचारू नका.

ही जिद्द आली तिच्या मायमुळं. सोमारी अन् दिव्याचा बाप कित्येक वर्षं एका घरात राह्यले. शेती केली, लेकरं झाली, पण लग्न लागलं नाई. आमच्या भागात हे काई नवल नाई. लग्न म्हणजे साऱ्या गावाले जेवण, अन् जेवण घालायची ऐपत येतपर्यंत जोडपं तसंच राहते. गाव त्यायले नवरा-बायकोच मानते. फक्त जिचा मांडव पडला नाई ती बाई दुसऱ्याच्या मांडवात हळद लावायले पुढं जात नाई. सोमारीचा नवरा तापानं गेला अन् मांडव राहूनच गेला. दिव्यानं लहानपणापासून प्रत्येक लग्नात आपली माय कुडाले टेकून उभी असलेली पाह्यली. म्हणून तिचं एकच म्हणणं होतं, "पहिले माझा मांडव पडल, मंग मी कोणाच्या घरात पाय टाकीन."

तसा पोरगा बी भेटला. बाजूच्या गावचा सुनिल मडावी, वनरक्षक, सरकारी नोकरी. शांत पोरगा, जरा जास्तच शांत. दोन्ही घरं राजी होती. कोडापे सहा देवाचे अन् मडावी सात देवाचे, म्हणजे सोयरीक बरोबर बसते. हे देवाचं सांगा लागते, त्याच्याशिवाय पुढचं समजणार नाई. गोंडायमध्ये प्रत्येक आडनावाचे देव ठरलेले असतात, कोणाचे चार, कोणाचे पाच, कोणाचे सहा, कोणाचे सात. ज्यायचे देव सारखे ते सारे भाऊबंद. सहा देवाच्या पोरीले सहा देवाचा पोरगा भाऊच लागते, मंग त्यायनं एकमेकाचं तोंड बी पाह्यलं नसो. तिथी लग्न लावणं म्हणजे भावाबहिणीचं लावणं.

आता ते सामूहिक लग्न. एका संस्थेनं ठेवलं होतं. नाव नाई घेत मी, उगाच अजून एक कोर्ट मांगं लागल. बिनालग्नाच्या जोडप्यायचं थाटात लग्न लावून द्यायचं, मोठा मांडव, पाव्हणे, बँड. चांगलंच काम होतं, मी नावं ठेवत नाई. ज्यायच्या डोक्याचे केस पांढरे झाले असे नवरदेव बसले होते, नवरीच्या कडेवर लेकरू होतं. दिव्या तिथी पाणी वाटायले गेली होती. मी ट्रेनिंगले गेली होती, नाई तं असं होऊच देल्लं नसतं.

झालं असं, की एका जोडप्यातल्या बाईले ऐन सकाळी कळा सुटल्या. ते जोडपं आलंच नाई. ओळीत दोन पाट रिकामे. बॅनरवर जोडप्यायचा आकडा मोठ्या अक्षरात छापलेला, पाव्हणे स्टेजवर येऊन बसलेले. संस्थेचा माणूस इकडं पाहे, तिकडं पाहे. त्याले दिव्या दिसली अन् लोकायले टॅक्टरवर बसवून आणणारा इसरू गेडाम दिसला. म्हणे, "बसा ना गं दोघं थोडा वेळ, फोटोपुरतं. आकडा पुरा दिसला पाहिजे." इसरू तं कोणाले नाई म्हणणारा पोरगाच नाई. चाबी खिशात टाकली अन् बसला. दिव्या म्हणे मले हासू येत होतं. गळ्यात हार, डोक्यावर बाशिंग, अन् दोघं बी खाली मान घालून हासून राह्यले.

आमच्या गावचे पुजारी नानाजी तिथी हळदीचे तांदूळ टाकत होते. एरवी नानाजी देव इचारल्याशिवाय सुपारीले हात लावत नाई. पण त्या दिवशी देव कोणाले इचारणार? सारी जुनी जोडपी. ज्यायची पोरं पंगतीत बसून जेवून राह्यली, त्यायले काय इचारायचं की तुमचे देव किती? ते ज्याच्या त्याच्या घरी कधीचंच इचारून झालं होतं. नानाजी ओळीनं तांदूळ टाकत गेले, दिव्या-इसरूवर बी टाकले, अन् पुढं गेले. अन् गेडाम बी सहा देवाचेच, म्हणजे इसरू दिव्याचा भाऊच.

नानाजी गोंडातले गोंड, म्हणूनच ही चूक झाली. बाहेरचा माणूस असता तं त्यानं यादी पाहून, नाव इचारून लावलं असतं.

जेवणं झाली, सारे घरी आले. काई दिवसांनी संस्थेचा माणूस गावात आला अन् दिव्याच्या घरी स्टीलचा पिंप, दोन ब्लँकेट अन् लग्नाचं सर्टिफिकेट देऊन गेला. काम करणाऱ्या पोरापोरींची आधारकार्डं जमा केली होती, त्यातली या दोघायची जोडप्यायच्या गठ्ठ्यात गेली अन् ग्रामपंचायतीत नोंद बी होऊन गेली. कोणाच्या घरात बोंब झाली का? नाई. सारे पोट धरून हासले. सोमारीले पोरीचा फोटो आवडला, तिनं तो कोनाड्यात लावला. सुनिल बी येऊन हासून गेला. "काय गं, तुझा नवरा टॅक्टर घेऊन कुठी गेला?" असं चिडवे तिले.

हासणं थांबलं ते मांडवाची तारीख काढली तेव्हा. सुनिलनं ऑफिसात सुटी मांगितली, अन् तिथल्या एकानं साऱ्यायसमोर म्हटलं, "अरे, त्या पोरीचं तं लग्न झालेलं आहे. मी स्टेटसवर फोटो पाह्यला." साहेबानं सुनिलले आत बोलावलं. जिचा नवरा हयात आहे तिच्याशी सरकारी माणसाले लग्न करता येत नाई, नोकरी जाईल, आधी कागद साफ करून आण, असं स्पष्ट सांगतलं. साहेबाचं चुकलं असं बी मी म्हणू शकत नाई. नियम आहे तो.

दिव्यानं संस्थेच्या माणसाले फोन लावला. तो म्हणे, "नोंद झाली ताई, आता आमच्या हातात काही नाही. दोघं मिळून घटस्फोट घेऊन टाका ना, काय त्यात?"

"घटस्फोट?" दिव्या इतक्या जोरानं ओरडली की अंगणवाडीत झोपलेली पोरं उठून बसली. "लग्नच नाई झालं तं घटस्फोट कायचा घेऊ? तुमच्या बॅनरचा?"

गावातल्या पंचांनी त्याहून सोपा रस्ता काढला. एका बैठकीत सोडचिठ्ठी देतो म्हणे, इसरू तयार, तू तयार, विषय संपला. पण सोडचिठ्ठी घेतली की ती सोडलेली बाई होते. अन् सोडलेल्या बाईचा दुसऱ्यांदा मांडव पडत नाई, तिचा पाट लागते. संध्याकाळी, घरातल्या घरात, ना वाजा ना हळद. पोट्टी उठली अन् पंचांसमोरून चालली गेली. मांगून मले म्हणे, "बाई, मी जे घेतलंच नाई ते सोडू कशी?"

बरोबर होतं तिचं. मी तिले माझ्या भाच्याकडं घेऊन गेली. राजदीप खोब्रागडे, माझ्या भावाचा पोरगा, नवा वकील. काळा कोट घातला की जरा अकडते, पण मनाचा चांगला. त्यानं पुस्तक काढलं अन् आमाले समजावून सांगतलं. घटस्फोट म्हणजे लग्न होतं अन् मोडलं. लग्न रद्द करणं म्हणजे ते लग्न लग्नच नव्हतं असं कोर्टाकडून म्हणवून घेणं. त्याले कारणं ठरलेली आहेत. आधीचा नवरा किंवा बायको जिवंत असंल तं लग्न मुळातच शून्य. जवळच्या नात्यात लागलं असंल तरी शून्य. नवरा नवरेपणाले असमर्थ असंल, डोकं ठिकाणावर नसल्यानं संमती देता आली नसंल, लग्नाच्या वेळी नवरीच्या पोटात दुसऱ्याचं मूल असंल, नाई तं जोरजबरीनं किंवा फसवून संमती घेतली असंल, तं कोर्ट रद्द करू शकते.

"यातलं आमचं कोणतं?" मी इचारलं.

"फसवणूक, आत्या. फोटो आहे असं सांगून लग्न लावलं. समारंभ कशाचा आहे हेच लपवलं. चोख केस आहे." मंग त्यानं दिव्याले इचारलं, "हे कळून किती दिवस झाले?"

"सर्टिफिकेट आलं तेव्हाच कळलं. दीडेक वर्ष झालं असंल."

राजदीपचं तोंड उतरलं. फसवणूक समजल्यापासून एका वर्षाच्या आत यावं लागते म्हणे. "वर्षभर काय केलं तुम्ही?"

"हासलो," दिव्या म्हणाली.

तरी त्यानं अर्ज लावला. कागदानं काय होते ते आमाले माहीत नव्हतं, खरा धोका आत्ता समजला, असं काईतरी लिवलं. पहिल्याच तारखेले वेगळाच घोटाळा. जज मॅडमनं इसरूले इचारलं, तुमचं काय म्हणणं? इसरू हात जोडून म्हणे, "मॅडम, ही जे म्हणते ते सारं खरं आहे. ही माझी बहीन लागते. हिले सोडवा." राजदीपनं कपाळाले हात लावला. कोर्टात दोघं एकाच बाजूनं बोलले की संशय येते, की यायनं संगनमत करून तं नाई आणलं? म्हणजे भांडलं पाहिजे होतं! दोघायनं एकमेकाचे केस ओढले असते तं कोर्टाले पटलं असतं. मी बाहेर येऊन इसरूले म्हटलं, "पुढच्या वेळी जरा तं वाकडं बोल रे." तो म्हणे, "बाई, मले नाई जमत."

तारखा पडत गेल्या. कधी वकिलायचा संप, कधी मॅडम रजेवर, कधी इसरू धानाच्या मळणीत अडकला. अन् एवढं करून एक दिवस मॅडमनं जातीचा दाखला पाह्यला अन् राजदीपले इचारलं, "वकीलसाहेब, अर्जदार अनुसूचित जमातीच्या आहेत ना? मग हिंदू विवाह कायदा त्यांना लागू कसा होतो?"

माझा भाचा तिथंच गारठला. कायद्यातच लिवलेलं आहे म्हणे, आदिवासी जमातींना हा कायदा लागू नाई, त्यायचं लग्न त्यायच्या रूढीनं. राजदीपनं आजवर आपल्याच लोकायच्या केसी लढल्या होत्या, त्याच्या ध्यानातच आलं नाई. अर्ज फेटाळला. बाहेर येऊन मी त्याले असं झापलं असं झापलं की चहावाला बी थांबून पाहून राह्यला.

"छप्पन साली आपल्या आज्यानं तो धर्म सोडला," मी म्हटलं, "दीक्षा घेतली, मूर्त्या नदीत टाकल्या. तरी आपल्याले तो कायदा लागते. अन् ही पोट्टी, जिनं कधी काई सोडलं नाई का धरलं नाई, तिले नाई लागत. हे कोणत्या डोक्यानं केलं?"

"आत्या, कायदा मी नाही केला."

"वाचला तं असता!"

दिव्या घरी येताना बसमध्ये खिडकीतून पाहत होती. उतरतानी म्हणाली, "म्हणजे माझं लग्न लावता येते, पण मोडायचा कायदा नाई."

राजदीप लाजला होता, म्हणून मंग नेटानं लागला. त्यानं दुसरा रस्ता शोधला. दिवाणी दावा टाकायचा, की गोंडायच्या रूढीनं हे लग्न होऊच शकत नाई, कोर्टानं तसं जाहीर करावं. कारण काय? दोघं सहा देवाचे. पण रूढी कोर्टात नुसती सांगून चालत नाई, सिद्ध करावी लागते. जुनी आहे, सारे पाळतात, आजही चालते, हे शपथेवर सांगणारा जाणता माणूस पाहिजे. त्यातही ज्यानं लग्न लावलं तोच बोलला तं सोन्याहून पिवळं.

म्हणजे नानाजी. अन् नानाजीनं साफ नाई म्हटलं.

दोष देऊ नका त्यायले. पुजाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं की मी सहा देवाच्या पोरीवर सहा देवाच्या पोराचे तांदूळ टाकले? घरात हासण्यावारी नेलं ते वेगळं. चारचौघांत, सरकारासमोर कबूल केलं की देवाचा गुन्हा झाला. गाव त्याच्या हातून पूजा काढून घेणार हे त्याले दिसत होतं. म्हणे, "फोटो होता तो. फोटोले देव लागत नाई."

"मंग कोर्टात हेच सांगा," मी म्हटलं.

"कोर्टात काईच नाई सांगत. मले कोर्ट नको."

दिव्या त्याच्या अंगणात जाऊन बसायची. काम झालं की जायची, बसायची. त्यायची म्हातारी पाणी द्यायची, नानाजी मांगच्या दारानं निघून जायचे. मी म्हणायची, सोड, दुसरा पुजारी पाहू. ती म्हणे, "दुसऱ्यानं नाई टाकले तांदूळ." शेवटी एक दिवस तिनं नानाजीले दारातच अडवलं. मी संगच होती. म्हणाली, "नानाजी, तुमी नाई बोलले तं मी जलमभर कागदावर इसरूची बायको राहीन. सहा देवाची पोरगी सहा देवाच्या घरात. मी मरीन तेव्हा कोणत्या घरचे लोक मले नेतील, ते तेवढं सांगा."

नानाजी उंबऱ्यावर टेकले. मंग म्हणे, "तारीख कधी आहे?"

तारखेले नानाजी कोर्टात आले. मराठी येते त्यायले, पण साक्षीदाराच्या पेटीत उभे राह्यल्यावर सारी गेली, गोंडीच निघाली. कोर्टातला एक कारकून मराठीत सांगत गेला. मॅडमनं शांतपणानं सारं इचारलं. देव म्हणजे काय, कोणाचे किती, कोण ठरवते, चुकून लागलं तं गाव काय करते. नानाजी अडखळत बोलले. सारखा देव असला की भाऊबहीन, तिथी हळद लागत नाई, लागली तं ते लग्न नाई, पाप आहे. तुमी मंग तांदूळ काऊन टाकले, असं इचारल्यावर म्हातारा रडलाच. "मी देव इचारला नाई. मले वाटलं सारे जुनेच आहेत. चूक माझी आहे, पोरीची नाई." हे शेवटचं मात्र त्यानं मराठीत सांगतलं, कारकुनाची वाट पाह्यली नाई.

 मी डोळे पुसले अन् राजदीपकडं पाह्यलं, तं तो बी चष्मा पुसून राह्यला होता.

निकाल लागला. मॅडमनं लिवलं की पक्षकारांच्या जमातीच्या रूढीप्रमाणे एकाच देवातलं लग्न निषिद्ध आहे, म्हणून हे लग्न मुळातच शून्य, ते कधी अस्तित्वातच आलं नाई. राजदीपनं दोनदा वाचून दाखवलं. इसरूनं टॅक्टरवर बसवून आमाले चामोर्शीच्या बाजारात नेलं, जिलेबी खाऊ घातली. दिव्या इतकी हासली त्या दिवशी, तिचा तो जुना हासरा चेहरा मले लय दिवसांनी दिसला. सोमारीनं कोनाड्यातला फोटो काढून चुलीत टाकला. मांडवाले मोहाच्या डहाळ्या कोण आणल इथपर्यंत बोलणं झालं.

अन् तिथंच गाडी अडकली.

आतापर्यंत तो फोटो होता. साऱ्यायनं हासून सोडलेला. आता ते कोर्टाच्या कागदावर आलं, पुजाऱ्याच्या तोंडून आलं, की पोरीवर सहा देवाच्या पोराचे तांदूळ पडले. गावानं नानाजीच्या हातची पूजा काढून घेतली. म्हाताऱ्यानं देवघराच्या चाव्या देऊन टाकल्या. अन् सुनिलच्या मायनं निरोप पाठवला, "भावासंग हळद लागलेली पोरगी. कोर्टात शाबित झालं. तिले मी माझ्या मांडवात कशी उभी करू?"

मी म्हटलं, बाई, कोर्टानं तं हेच सांगतलं ना की लग्न झालंच नाई! ज्या कारणानं पोरगी सुटली तेच कारण तुमी तिच्या गळ्यात कसं बांधता? पण मी कोणाले सांगून राह्यली होती? निरोप आणणाऱ्या पोराले. सुनिलची माय तं समोर नव्हतीच. अन् खरं सांगू, तिच्या घरी जाऊन सांगतलं असतं तरी काई फरक पडला नसता. तिच्या देवाच्या हिशोबानं ती बी बरोबरच बोलत होती. हाच तं संताप आहे! जो तो आपापल्या जागी बरोबर.

दोन-तीन आठवडे सुनिल आलाच नाई. एका दुपारी, पोरं खिचडी खाऊन घरी गेल्यावर, त्याची गाडी अंगणवाडीसमोर थांबली. दिव्या तांदूळ निवडत बसली होती. मी उठून बाहेर जाऊ लागली तं तिनं माझा पदर धरला. "तुमी बसा, बाई. तुमी पहिल्यापासून आहा."

सुनिल दारात उभा राह्यला. गाडीची चाबी बोटात फिरवत म्हणे, "आई राजी झाली."

दिव्यानं वर पाह्यलं.

"पाट लावू म्हणते. आमच्या घरी, संध्याकाळी. जास्त लोक नाई बोलवायचे. मंग सारं ठीक होईल."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण बोलायची पाळी माझी नव्हती. दिव्यानं सूप बाजूले ठेवलं.

"पाटच लावायचा होता तं पंच पहिल्याच दिवशी सोडचिठ्ठी देत होते ना, सुनिल. तेव्हा तूच म्हणला होता, कोर्टातून कर, आपला मांडव होईल."

"हाव, म्हणलो होतो. पण आता आईचं..."

"आईचं समजलं मले. इसरू कोर्टात उभा राहून म्हणला, ही माझी बहीन. नानाजी म्हणले, चूक माझी. म्हाताऱ्याची पूजा गेली. तुझं काय म्हणणं आहे, तेवढं सांग."

सुनिलनं चाबी फिरवणं थांबवलं. बाहेर पाह्यलं, मंग माझ्याकडं पाह्यलं. मी काय सांगू त्याले? माझ्या तं मनात होतं, उठून एक द्यावी अन् म्हणावं, बोल ना रे भैताडा, दोन वर्षं पोट्टी लढली, तू एक वाक्य बोल! पण असं वाक्य दुसऱ्यानं शिकवून चालत नाई.

"मी आईले नाई दुखवू शकत," तो म्हणाला. "तू समजून घे ना."

"मी दोन वर्षं समजूनच घेऊन राह्यली." तिचा आवाज वाढला नाई. "मांडव टाकायचा असंल तं ये. नाई तं नको येऊ."

तो पायरी उतरला.  मंग गाडीचा आवाज आला अन् दूर गेला.

दिव्यानं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. तांदूळ निवडायले लागली, खडे काढून बाजूले टाकू लागली. कोर्टात अर्ज फेटाळला तेव्हा ही रडली नाई, नानाजी मांगच्या दारानं पळायचे तेव्हा रडली नाई. आता तांदळावर टपटप थेंब पडले. मी जवळ जाऊन बसली, तिच्या पाठीवर हात ठेवला. मले राग आला होता, पण तो कोणावर काढू तेच समजत नव्हतं. संस्थेवर, कायद्यावर, सुनिलच्या मायवर, का त्या शांत पोरावर?

तिनं पदरानं तोंड पुसलं अन् माझ्याकडं पाह्यलं.

"बाई," म्हणाली, "आता मी कोणावर दावा टाकू?"